आमच्या फेजवरचे सहा एसी

७ एप्रिल

आज एसी बसला. एक टनाचा. दुकानदार दीड टनाचा गळ्यात मारायला बघत होता. मी खिशातून कागद काढला आणि त्याच्यासमोर ठेवला: खोली बारा बाय दहा, एक भिंत पश्चिमेची, खिडकी एक, माणसं दोन. एक टन पुरे. तो म्हणाला, "काका, तुम्हीच बसा माझ्या खुर्चीत." सत्तावीस वर्षं वीज कंपनीत लोकांच्या घरचा भार काढतोय, म्हणजे कोणाकडे काय काय चालतं आणि त्याला एकूण किती वीज लागेल याचा अंदाज बांधतोय. स्वतःच्या घरी चुकलो तर तोंड दाखवायला जागा नाही.

हिला समजावत होतो की खोलीत नुसतं बसलेलं माणूससुद्धा उष्णता टाकतं, साधारण शंभर वॅट. तर म्हणाली, "मग तुम्ही बोलायला लागलात की दीडशे धरा."

हे सगळं तिच्यासाठीच आहे. हृदयाची एक झडप निकामी होत चालली आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आत्ता ऑपरेशन झेपणार नाही, तब्येत आहे तशी टिकली तर जुलैमध्ये करू. तोवर उन्हाळा काढायचा. दुपारी बारा ते सहा खोली सव्वीस अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण उकाड्यात हृदयाला दुप्पट राबावं लागतं. म्हणजे एक एसी, सहा तास, तीन महिने. एवढं मला जमायलाच हवं.

वही भाराच्या नोंदींसाठी आणली होती. पहिल्याच पानावर घरच्या गप्पा आल्या. येऊ देत.

९ एप्रिल

दुपारी दोनला फ्यूज उडाला. मी ऑफिसात. हिचा फोन आला, "लाइट गेलेत, पण तुम्ही धावत येऊ नका." मी धावतच आलो. ओठ निळसर पडले होते आणि तरी मला पाणी द्यायला उठत होती. लाइनमन दीड तासाने उगवला.

इमारतीमागच्या ट्रान्सफॉर्मरमधून तीन फेज निघतात, एकेका फेजवर आठ घरं. फाइलमध्ये आम्ही त्याला रोहित्र म्हणतो, फाइलबाहेर कोणी म्हणत नाही. इमारत बांधली तेव्हा एसी ही श्रीमंतांची चैन होती. तेव्हाचा अंदाज माझ्याच साहेबांच्या साहेबांनी केलेला.

१० एप्रिल

संध्याकाळी आमच्या फेजवरच्या इतर सातही घरांत जाऊन आलो. खाली शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "एसी? छे हो, आम्हाला कुठला." त्यांच्या पडद्यामागून नळीतलं पाणी टपटप बादलीत पडत होतं. शेजारचे मास्तर म्हणाले, "आहे, पण पाहुणे आले तरच." रिमोट त्यांच्या हातात होता.

मला याचं नवल नाही. भार विचारला की माणसं कमीच सांगतात. जास्त सांगितलं तर नवे अर्ज, नवी कटकट. म्हणून मी कोणाच्याही तोंडच्या आकड्याला एक पूर्णांक तीनने गुणतो. ऑफिसातली नवी मंडळी याला माझा खोटेपणाचा गुणांक म्हणतात आणि वापरतातही. सत्तावीस वर्षांत कोणी असलेल्यापेक्षा जास्त सांगितलेलं मी ऐकलं नाही.

खरा आकडा: आमचा धरून सहा एसी. चार एकदम चालले तर फेज धरते. पाचवा लागला की फ्यूज.

१२ एप्रिल

जिन्यात सगळ्यांना बोलावून तक्ता वाचून दाखवला. दोन एसी बारा ते तीन, दुसरे दोन तीन ते सहा. दोघांना वेळेचं बंधन नाही: आमच्या हिला, आणि वरच्या मजल्यावरच्या मुलीला. तिचं बाळ सातव्या महिन्यात जन्मलंय, मुठीएवढं आहे, घामोळ्यांनी लाल झालंय. म्हणजे कधीही पाहा, चारच्या वर नाही. हिशोब चोख होता.

मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "वा! नियम आम्हाला आणि सूट तक्ता करणाऱ्याला." लोक हसले. माझं टाळकं सणकलं. म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी आणून दाखवू का? ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. 

१३ एप्रिल

पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला. कोणीतरी पाळी सोडून एसी लावला असणार, विचारलं तर सगळे मूग गिळून बसतात. वरची मुलगी बाळाला घेऊन खाली आली, रडून रडून दोघांचे चेहरे सारखेच झालेले. हिने बाळाला मांडीवर घेतलं आणि ओल्या पंच्याने पुसत बसली. स्वतःला धाप लागली होती ते वेगळंच.

नंतर मला विचारलं, "चार चालतात आणि पाचवा नाही, असंच ना?" हो म्हटलं. "मग आपला बंद असला तर बाकीचे चार झाले तरी चालेल?" म्हटलं, अर्थात. मग मी तिला फेज म्हणजे काय, कॉम्प्रेसर सुरू होताना जास्त वीज का ओढतो, सगळं कागदावर काढून दाखवलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल इतकं नीट पहिल्यांदाच विचारलं तिने. खरं सांगतो, बरं वाटलं.

२१ एप्रिल

आठ दिवस फ्यूज नाही! ऑफिसात तक्त्याची नक्कल मागितली दोघांनी. मास्तरांना जिन्यात गाठून म्हटलं, "काय, चालतोय ना?" ते नुसतं "हं" म्हणाले. नाकाला मिरच्या झोंबल्या असणार.

वरची मुलगी भेटली. म्हणाली, "काकू आमच्यासाठी किती करतात हो." बाळाला पुसायला शिकवलं त्याबद्दल म्हणत असेल.

२५ एप्रिल

मीटर रोज सकाळी पाहून लिहितो. अंदाजाप्रमाणे दिवसाला दहा युनिट पडायला हवेत, चार घरचे आणि सहा एसीचे. पडतात साडेचार, पाच. रविवारी तेवढे दहा, मी घरी असतो, दार सारखं उघडतं म्हणून असेल. पहिल्यांदा वाटलं आकडा वाचायला चुकतोय. मग लक्षात आलं, मी दाराच्या फटींना पट्ट्या लावल्या, खिडकीला जाड पडदा केला, त्याचा हा परिणाम. खोली एकदा थंड झाली की कॉम्प्रेसर पडून राहतो. हिला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही केलेलं आहे, चांगलंच असणार."

सहाला घरी येतो तेव्हा खोली छान गार असते. ती शाल पांघरून बसलेली असते. फक्त एक कळत नाही. आज सदरा काढायला कपाट उघडलं तर आतले कपडे इस्त्री केल्यासारखे गरम. भिंतही गरम, पलंगाची लोखंडी कडही गरम. हवा तेवढी गार. पश्चिमेची भिंत आहे, ऊन धरून ठेवते. पुढच्या वर्षी बाहेरून पांढरा रंग द्यायला हवा.

३० एप्रिल

मीटर हळू चालतोय की काय म्हणून तपासला. सगळं बंद करून एकच हजार वॅटची इस्त्री तासभर लावली. बरोबर एक युनिट. मीटर चोख आहे.

लेकीचा फोन. ती दूर असते, आठवड्यातून दोनदा तिच्या आईला स्क्रीनवर बघते. "आई, चेहरा का सुजलाय?" ही म्हणाली, "थंडीने. तुझ्या बाबांनी खोलीचा बर्फाचा कारखाना केलाय." आम्ही तिघंही हसलो.

बाथरूमच्या दांडीवर रोज चार-चार ओले टॉवेल दिसतात. एवढे टॉवेल लागतात कशाला, विचारलं. म्हणाली, "बाईमाणसाची कामं तुम्हाला काय कळणार." 

५ मे

डॉक्टरांकडे. पायाची सूज वाढली आहे, वजन तीन किलो वाढलंय, तेही पाण्याचं. डॉक्टरांनी विचारलं, "दुपारी खोली थंड ठेवता ना?" मी छाती काढून सांगितलं, एक टन, सहा तास, सव्वीस अंश. त्यांनी हिच्याकडे पाहिलं. ही म्हणाली, "अगदी थंडगार." आणि टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली. डॉक्टर म्हणाले, मग समजत नाही. गोळ्या वाढवल्या.

मलाही समजत नाही.  जुलैला अजून आठ आठवडे आहेत.

११ मे

नव्या ट्रान्सफॉर्मरचा प्रस्ताव मी फ्यूज उडायला लागल्यावर लगेच दिला होता, आज साहेबांनी बोलावलं. माझीच ऑफिसातली नोंदवही त्यांच्यासमोर उघडी. म्हणाले, "अहो, तुम्हीच लिहिलंय की, चार आठवड्यांत एकदाही फ्यूज नाही. सहा एसी आहेत आणि फेज आरामात धरतेय. मग मोठा ट्रान्सफॉर्मर कशाला? जिथे रोज उडतोय तिथे देऊ." मी म्हटलं, तक्ता आहे म्हणून धरतेय. ते हसले. "मग तक्ता चालू ठेवा. इतका चांगला तक्ता कोणाला जमलाय?"

कागद माझ्याच अक्षरातला. कपाळाला हात लावून बाहेर आलो. प्रस्ताव पुढच्या वर्षावर गेला.

घरी सांगितलं तेव्हा हिचा चेहरा एकदम उतरला. माझ्यापेक्षा जास्त. "म्हणजे माझ्यामुळे..." असं काहीतरी म्हणाली आणि थांबली. म्हटलं, तुझा काय संबंध? तिने विषय बदलला.

१७ मे

बाहेर चव्वेचाळीस अंश. दुपारी सव्वातीनला वरच्या मुलीचा फोन. बाळाला दाखवायला म्हणून ती खाली आली होती, दार लोटलेलं. ही बाथरूमच्या फरशीवर पडलेली, डोक्याखाली ओला टॉवेल. शुद्ध नव्हती. आता हॉस्पिटलात अतिदक्षता विभागात आहे. पाच मिनिटं बघू दिलं. हाताला स्पर्श केला तर ताप असल्यासारखं अंग. पुढे लिहवत नाही.

१९ मे

डॉक्टर म्हणाले, जुलैचा विषय आता काढू नका. हृदयात जे थोडं शिल्लक होतं तेही गेलं. ऑपरेशनच्या टेबलापर्यंतसुद्धा पोचणार नाही. मी विचारलं, मग काय करायचं? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ते मला आवडलं नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. गार खोली सोडून ती बाथरूमच्या फरशीवर का झोपली? हॉस्पिटलातून ऑफिसात गेलो. नवीन मीटर दर अर्ध्या तासाची वीज साठवून ठेवतात. ती यादी आम्ही ग्राहकाच्या तक्रारीवरून काढतो. मी आमच्या घरची काढली.

१४ एप्रिलपासूनची. दुपारी बारापासून साडेपाचपर्यंत दर अर्ध्या तासाला तोच आकडा. फ्रिज आणि एक पंखा. बस. साडेपाच ते सहा या अर्ध्या तासात एकदम उडी. मग मी घरी आल्यावर तासभर एसी, आणि जेवणाच्या आधी ती म्हणायची, "आता पुरे, गारठले." रोज. रविवार सोडून रोज. रविवारी मी घरी असतो ना.

महिनाभर मी वहीत पाच युनिट लिहिले, आणि पट्ट्यांचं कौतुक करत बसलो. कपाट गरम होतं. पलंगाची कड गरम होती. नुकतीच गार केलेली खोली आणि दिवसभर गार असलेली खोली यातला फरक मी दुसऱ्या कोणाच्या घरी एका मिनिटात सांगितला असता. कमी सांगणारे सगळे पकडले. जास्त सांगणारी एकच होती, ती घरात होती.

लाज वाटते. कुठे तोंड लपवू कळत नाही.

२० मे

आज ती नीट बोलू शकत होती. यादी नेली नव्हती, पण तिला लगेच कळलं.

"मीटर बोलला वाटतं," म्हणाली.

मी म्हटलं, का गं? का असं केलंस?

थांबत थांबत बोलली. "तुम्ही ऑफिसात गेलात की मास्तर पाळी सोडून लावतात. भिंतीला हात लावला की कळतं, यंत्र घुमत असतं. आपला चालू असला की त्यांचा पाचवा होतो. मग सगळ्यांचंच जातं. ते बाळ नुसतं लाल होतं हो."

"मला सांगायचंस. मी मास्तरांची गचांडी धरली असती."

"तेच नको होतं. जिन्यात सगळे हसले तुम्हाला. तुम्ही रात्र रात्र बसून केलेला तक्ता. म्हटलं, तेवढा तरी चालू दे."

मला ओरडावंसं वाटत होतं. आणि ओरडलोही. नर्सने बाहेर काढलं. आजारी बायकोवर ओरडलो. इतकी वर्षं कधी आवाज चढवला नाही, तो आज चढवला.

२४ मे

घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, इथे ठेवून फरक पडणार नाही, घरी शांत वाटेल. मी रजा टाकली. लेक पहाटे पोचली. तिला यादी दाखवली. तिने एकेक आकडा वाचला. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही रोज सहाला घरी येत होतात. तिच्याकडे नीट बघितलं असतंत तर मीटर बघायची वेळ आली नसती." मी यादी घडी करून खिशात ठेवली. 

बारा वाजता एसी लावला. एक वाजून दहा मिनिटांनी फ्यूज उडाला. दुरुस्त झाला. तीनला पुन्हा.

अंधाऱ्या खोलीत ही डोळे न उघडता म्हणाली, "बंद करा. वर बाळ आहे."

२५ मे

मास्तरांकडे गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. त्यांनी दार उघडलं, घामाने निथळत होते. एसीची तार भिंतीतून उपटून खुर्चीवर गुंडाळून ठेवलेली. लेकीने काल रात्री घरोघरी यादीतलं सांगितलं होतं, बाकीच्या तीन घरांतही आज बंद आहे. मास्तर म्हणाले, "मला वाटलं नव्हतं हो असं. मला वाटायचं, तुमच्या घरात चालतो म्हणून मी लावला तर काय बिघडलं."  न भांडता परतलो.

वरची मुलगी बाळाला घेऊन तिच्या आईकडे गेली. जाताना आत आली नाही, दाराशी उभी राहून रडली आणि गेली. आता सहापैकी एकच एसी चालतो. आमचा. फेजला काही कळतसुद्धा नसेल.

हिने विचारलं, "बाळ?"

म्हटलं, "वर आहे. झोपलंय गार."

"मग बरं," म्हणाली.

२८ मे

साहेबांना पत्र लिहिलं. एप्रिल-मेच्या माझ्या नोंदी चुकीच्या आहेत. फेजवर सहा एसी दाखवले, प्रत्यक्षात दुपारी पाचच वापरात होते, सहावा घरातील व्यक्तीने स्वेच्छेने बंद ठेवला होता. सबब फ्यूज न उडणे हा भार पेलल्याचा पुरावा धरू नये. अर्ध्या तासाची यादी जोडली. साहेबांनी वाचलं, खुर्चीतून उठले, प्यायला पाणी दिलं. मग म्हणाले, "कारण दुसऱ्या शब्दांत लिहा, वर हे असं जाणार नाही." मी खोडून लिहिलं: एका ग्राहकाचा वापर नोंदीत आला नाही.

प्रस्ताव त्याच दिवशी वर गेला. पंधरा दिवस लागतील म्हणाले. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितलेले नाहीत.

१ जून

दिवसभर एसी चालू. खोली चोवीस अंश. मी रजई पांघरून तिच्या शेजारी बसतो. लेक तिच्या पायाला तेल लावते. ती बहुतेक वेळ झोपेत असते. आज मध्येच म्हणाली, "थंडी वाजतेय." मी बंद केला. थोड्या वेळाने म्हणाली, "जीव घाबरतोय." लावला. पुन्हा थंडी. दुपारभर हेच चाललं. आता तिला गार हवंय की गरम हे तिलाही सांगता येत नाही आणि मला तर कधीच कळलं नव्हतं.

४ जून

सकाळी अकरा वाजता गेली. लेक आणि मी दोघंही जवळ होतो.

१२ जून

लेक परत गेली. तिथून पोचल्याचा फोन केला.  "जेवलात का?" विचारलं. जेवलो म्हटलं. खरं नव्हतं.

२४ जून

नवा ट्रान्सफॉर्मर बसला. आधीच्यापेक्षा दुपटीहून मोठा. दुपारी दोन वाजता चाचणी होती. साहेब स्वतः आले. नियम असा की सगळ्यांना सगळं एकदम लावायला सांगायचं आणि प्रत्यक्ष भार अंदाजाशी ताडून बघायचा. मी जिन्यात उभा राहून हाका मारल्या. वरची मुलगी आईकडून परतली आहे, तिने लावला, बाळ आता गुटगुटीत झालंय. शिवणकामवाल्या बाईंनी पडदा बाजूला करूनच लावला. मास्तरांनी तार पुन्हा जोडून लावला. फेज जागची हलली नाही.

माझा अंदाज होता अकरा पूर्णांक चार किलोवॅट. यंत्राने दाखवलं दहा पूर्णांक तीन. आमच्या घरी मी एसी लावला नव्हता. कोणासाठी लावणार? पण हे कागदावर कुठे लिहायचं ते मला सुचलं नाही. तसा रकाना नाही.

साहेबांनी दोन्ही आकडे पाहिले, एकाखाली एक लिहिले, वजाबाकी केली. मग पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "करा सही. एवढा फरक चालतो."

मी सही केली.